रोवणीनंतरची घिरटी
(डास आणि आपण : भाग ५)

गोंदिया शहरालगतचं नागरा हे गाव तिथल्या प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखलं जातं. गावाचं शिवार मात्र धानाचं. जुलैत रोवणी झाली की बांधीत चार बोटं पाणी, त्यात वीतभर पऱ्हे आणि वर उघडं आभाळ. ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस जातीच्या मादीला आणखी काय हवं? ग्रामीण भारतात हिवताप पसरवण्यात हिचाच हात सर्वांत मोठा. गोठ्यातल्या जनावराचं किंवा ओसरीत झोपलेल्या माणसाचं रक्त प्यायल्यावर दोन-तीन दिवसांत तिची अंडी पिकतात आणि ती पाण्याकडे निघते.

हा शेवटचा टप्पाच सर्वांत कमी पाहिला गेला आहे. कारण साधं आहे: डास पकडायच्या बहुतेक पद्धती घरात किंवा घराजवळ चालतात. हिवताप विभागाचे कीटक समाहारक भल्या पहाटे बॅटरी आणि काचेची शोषक नळी घेऊन घरं-गोठे पालथे घालतात. भिंतीवर विसावलेली मादी नळीत ओढून घेतात आणि माणशी तासाला किती डास मिळाले याची नोंद करतात. तिचं पोट लाल आहे की अंड्यांनी पांढुरकं फुगलंय, तेही पाहतात. हीच पद्धत मादीच्या जिवाला सर्वांत कमी त्रास देणारी. अमेरिकेत १९६२मध्ये आलेल्या दिव्याच्या सापळ्यात उपाशी, रक्ताच्या शोधात फिरणाऱ्या माद्या जास्त येतात, आणि त्यातल्या पंख्याच्या झोतात कित्येकींचे पंख-पाय मोडतात. अशा मादीने प्रयोगशाळेत अंडी घातली नाहीत, तर दोष तिच्या स्वभावाचा की सापळ्याचा, हे सांगणं अवघड.

अंडी घालायला आलेल्या मादीसाठी खास सापळेही आहेत, पण ते दुसऱ्याच डासांसाठी बनले. डेंग्यूच्या एडिससाठी काळं भांडं आणि त्यात लाकडी पट्टी. क्युलेक्ससाठी कुजलेल्या गवताचं पाणी आणि वर ओढणारा पंखा. हा सापळा पॉल रायटर यांनी १९८३मध्ये मांडला. स्वच्छ, उन्हातलं पाणी पसंत करणारी क्युलिसिफेसीस त्या घाण वासाकडे कशाला फिरकेल?

तिची खरी गंमत कळली ती तंजावर भागात, १९४०च्या सुमारास. रॉकफेलर फाउंडेशनचे पॉल रसेल आणि टी. रामचंद्र राव (हेच राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले) भातखाचरांवर काम करत होते. रोप फूटभर उंच झालं की खाचरातून या डासाच्या अळ्या नाहीशा होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. सावलीमुळे? रोपातल्या एखाद्या द्रव्यामुळे? त्यांनी पाण्यात रोपांऐवजी नुसत्या उभ्या काड्या रोवून पाहिल्या, काचेच्यासुद्धा. मादीने तिथेही अंडी घालायचं टाळलं. ही मादी पाण्यावर बसतच नाही. दोन-चार इंचांवर घिरट्या घालत, नाचल्यासारखी वरखाली होत एकेक अंडं खाली सोडते. उभ्या काड्यांच्या गर्दीत तिला नाचायला अंगणच उरत नाही.

आता सापळा लावणाऱ्याची पंचाईत पाहा. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी संशोधकांनी पाण्यावर पारदर्शक चिकट पडदा पसरून आणि पाण्याभोवती विजेच्या जाळ्या उभारून अंडी घालायला येणाऱ्या ॲनॉफिलीस माद्या धरल्या. चिकट पडदा पाण्याला टेकणारीलाच धरणार. घिरटीतूनच अंडी टाकणारी त्यावरून सुखरूप निघून जाईल. आणि पाण्यात काही उभं करावं, तर तो सापळाच वाढलेल्या धानाचं काम करणार: मादी शेजारच्या बांधीत जाईल आणि नोंदवहीत ‘अंडी नाहीत’ असं लिहिलं जाईल. गोंदियासारख्या धानपट्ट्यात सापळा पाण्याच्या कडेला, धुऱ्यावर हवा आणि त्याला आमिष वासाचंच हवं.

असा वास सापडलाही आहे. त्याच केनियात २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेड्रॉल नावाचं द्रव्य लावलेल्या सापळ्यांत अंड्यावर आलेल्या रानातल्या माद्या साध्या सापळ्यांच्या सुमारे तिप्पट आल्या. पुढच्या वर्षी कळलं, की हे द्रव्य एका गवताच्या गाठींवर वाढणारी बुरशी तयार करते. ते गवत म्हणजे नागरमोथा, धुऱ्यावरून उपटता उपटता शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणणारा मोथा! प्रयोगातल्या जाती आफ्रिकेतल्या होत्या. आपल्या बांध्यांवर हा प्रयोग करून पाहण्यासारखा नक्कीच आहे.

पकडलेल्या मादीकडून अंडी मिळवणं हेही कौशल्याचंच काम. आफ्रिकेतली ॲनॉफिलीस फ्युनेस्टस पिंजऱ्यात अंडी घालायला नाखूष असते. म्हणून तिला ओला कागद घातलेल्या बोटाएवढ्या नळीत एकटीला कोंडतात. तिथे ती अंडी टाकते आणि त्या पिढीवर कीटकनाशकांची चाचणी घेता येते. अंडी मिळतात, पण मोकळ्या रानात तिने कोणतं पाणी निवडलं असतं, हे त्या नळीतून कळत नाही.

रोवणीपासून धान फूटभर होईपर्यंतचे आठवडे सर्वांत जोखमीचे. त्या दिवसांत पहाटे कोणी बॅटरी आणि नळी घेऊन दारात आलं, तर त्याला गोठ्यापर्यंत जाऊ द्या, आणि आदल्या संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाचा धूर करू नका, नाहीतर डास पांगून त्याची मोजणी चुकेल. गप्पी माशांना बांधीत सोडून कितपत उपयोग होतो, ते पुढच्या आठवड्यात.