घरात इंटरनेट किती वेगाचं घ्यावं?

मैत्रिणींनो, किराणा भरताना आपण पैशापैशाचा हिशेब करतो. तूरडाळ कोणत्या दुकानात पाच रुपयांनी स्वस्त आहे, ते आपल्याला तोंडपाठ असतं. पण इंटरनेट घ्यायची वेळ आली की समोरचा माणूस सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य करतो. निदान मी तरी केला. वर्षाचे पैसे आगाऊ भरून केला, आणि पैशांपेक्षाही जास्त मनाला लागावं असं त्यात काही घडलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं घर जुनं, भिंती चांगल्या हातभर जाडीच्या. माणसं पाच. थोरली नववीत, संध्याकाळी सात ते साडेआठ तिचा ऑनलाइन क्लास. ह्यांची ऑफिसची मीटिंग कधीमधी त्याच वेळेला. धाकट्याच्या हातात माझा मोबाइल. आणि मागच्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही. दिवेलागणीनंतर त्यावर यूट्यूबवरचं कीर्तन लावून त्या बसायच्या. कनेक्शन चाळीस एमबीपीएसचं. (हे माप म्हणजे दर सेकंदाला किती माहिती घरात येऊ शकते त्याचं; नळाला पाणी किती जोरात येतं, तसंच.) तीन वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती.

गेल्या मे महिन्यानंतर मात्र सासूबाईंच्या टीव्हीवर चित्र अडकायला लागलं. गोल चक्र फिरत राहायचं, आणि बुवांनी आळवायला उघडलेलं तोंड उघडंच! त्याच सुमारास माजघरात बसलेल्या थोरलीचा क्लासही मध्येच तुटायला लागला. आता सांगा, तुमच्या मनात पहिल्यांदा काय आलं असतं? माझ्या मनात तेच आलं. एका नळाचं पाणी दोन बादल्यांत वाटलं जातंय! मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तासभर टीव्ही बंद ठेवाल का? हिचा क्लास अडकतोय." त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. पुढे पुढे तर सांगावंही लागेना. सात वाजायच्या आत त्या आपणहून टीव्ही बंद करायच्या आणि माळ घेऊन बसायच्या. क्लास तरीही तुटतच होता, पण ते ध्यानात कोण घेतो!

जूनमध्ये कंपनीचा माणूस आला. "वहिनी, पाच माणसांना चाळीस कसं पुरणार? शंभर घ्या," म्हणाला. महिन्याला तीनशे रुपये जास्त. वर्षाचे ३६००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२४८ रुपये. भरले! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या हौसेने सासूबाईंना टीव्ही लावून दिला. पाच मिनिटांत चक्र हजर.

माझ्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंना मी हे गाऱ्हाणं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आधी लागतं किती ते मोजा, मग येतं किती ते मोजा. खोली-खोलीत मोजा." हे दोन्ही हिशेब कुणाही बाईला जमण्यासारखे आहेत, बरं का.

पहिला हिशेब, लागतं किती. नेटफ्लिक्स कंपनीच स्वतः सांगते की 'फुल एचडी' म्हणजे चांगलं स्वच्छ चित्र दिसायला ५ एमबीपीएस पुरतात. त्याच्या खालच्या 'एचडी'ला ३. मोठ्या पडद्यावरच्या 'फोर-के' चित्राला नेटफ्लिक्स १५ सांगतं, यूट्यूब २०. व्हिडिओवर बोलायचं असेल तर तीन-चार. आता भात लावताना आपण माणशी मूठ धरतो ना, तसं घरातलं माणूस न् माणूस धरायचं. पण एकाच वेळी पंगतीला बसणारी माणसंच धरायची. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला सासूबाईंचा टीव्ही ५, थोरलीचा क्लास ४, ह्यांची मीटिंग ४, धाकट्याचा मोबाइल ३. झाले १६. मोबाइल गुपचूप काही ना काही उतरवून घेत असतात, एखादा पाहुणा येतो, म्हणून वर निम्मे धरा, आठ. एकूण चोवीस.

चोवीस! आणि आमच्याकडे आधीपासूनच चाळीस होते. म्हणजे सासूबाईंचं कीर्तन नातीच्या क्लासच्या आड कधी आलंच नव्हतं. कागदावरची ती बेरीज मी दोनदा केली. महिनाभर बिचाऱ्या माळ ओढत बसल्या होत्या.

मग दुसरा हिशेब केला, येतं किती. मोबाइलवर 'फास्ट डॉट कॉम' उघडलं की मिनिटाच्या आत आकडा दिसतो, पैसे पडत नाहीत. फक्त मोबाइलचा स्वतःचा डेटा आधी बंद करायचा, नाहीतर भलतंच मोजलं जातं. आणि मोजायचं रात्री आठ-नऊला. दुपारी दोनला सगळ्यांकडेच छान येतं, कारण गल्लीतली माणसं कामावर असतात. मी राउटरपाशी उभी राहिले (राउटर म्हणजे ती दिवे लुकलुकणारी पेटी) तर ९४ आले. कंपनीने पैशांचं माप पुरं टाकलं होतं. माजघरात ११. सासूबाईंच्या खोलीत ४, आणि दार लोटलं की कधी दोनसुद्धा.

दोष होता आमच्याच घरात. मे महिन्यात घराला रंग काढला, तेव्हा नव्या भिंतीवर ती पेटी आणि तिच्या वायरी वाईट दिसतात म्हणून मीच ती पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, चपलांच्या वरच्या फळीवर ठेवून दिली होती! वायफायच्या लहरींना लोखंड म्हणजे भिंतच, आणि पुढे आमच्या त्या हातभर भिंती दोन, मध्ये फ्रीज. अशा वाटेने जाताना शंभराचे काय नि चाळीसाचे काय, पलीकडे तेवढेच पोचणार.

तेव्हा तुमच्याकडे चित्र अडकत असेल तर पैसे भरण्यापूर्वी पेटी कुठे आहे ते बघा. ती उघड्यावर, उंच आणि होता होईल तो घराच्या मध्यावर असावी. आणखी एक: बहुतेक नव्या पेट्या दोन नावांनी वायफाय देतात. एकाच्या शेवटी '५जी' असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, उगाच घोटाळा होतो. हे वायफाय वेगवान खरं, पण भिंतीपलीकडे लगेच दमतं. दुसरं संथ, पण लांब जातं; मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची त्याच वाटेवर गर्दी असते, आणि मायक्रोवेव्ह चालू असला की त्यालाही ते बिचकतं. टीव्ही पेटीच्याच खोलीत असेल तर पहिलं लावा, लांब असेल तर दोन्ही लावून बघा.

पेटी मी माजघराच्या फडताळावर, उघड्यावर आणली. थोरलीचा क्लास त्याच दिवशी सुधारला. सासूबाईंच्या खोलीत आकडा ४ वरून १४ वर गेला, पण चढउतार राहिला. तिथे मग वायरच टाकली. टीव्हीच्या मागे पाहा, पुष्कळांना एक चौकोनी खाच असते, जुन्या फोनच्या पिनेपेक्षा जरा मोठी. पेटीपासून त्या खाचेपर्यंत वायर आणली की मधल्या भिंतींचा प्रश्नच मिटतो. इलेक्ट्रिशियनने भिंतीच्या कडेकडेने ती नेली. वायर, मजुरी सगळं मिळून साडेसातशे रुपये. (पुष्कळशा टीव्हींची ही खाच जास्तीत जास्त शंभरच घेते. म्हणजे टीव्हीसाठी दोनशे-तीनशेचं कनेक्शन घेऊन वायर जोडली, तर वरचे पैसे पाण्यात.) वायर नको असेल तर बाजारात 'रिपीटर' मिळतो, पण तो ज्या खोलीत वेग नाही तिथे लावू नका. तिथे त्याला स्वतःलाच काही पोचत नाही, तो पुढे काय देणार! अर्ध्या वाटेवर लावा, आणि साधा असला तर वेग जवळजवळ निम्मा होतो हे धरून चाला.

पेटीपाशी उभं राहूनच रात्री आकडा निम्म्यावर येत असेल, तर मात्र दोष कंपनीचा. दोन-तीन रात्री मोजा, आकड्यांचे फोटो ठेवा आणि तक्रार करा. जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत' असं छापतात. त्यातला 'पर्यंत' हा शब्द चष्मा लावून वाचावा असा आहे. सरकारी व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएसलासुद्धा ब्रॉडबँड म्हणता येतं, हे आपलं जाता जाता.

मोठं कनेक्शन कुणीच घेऊ नये असं नाही हं. दोन मोठे फोर-के टीव्ही, दोघं घरून काम करणारी, कॉलेजातली मुलं असतील, तर शंभर घ्याच. पण फोर-के दिसायला टीव्ही तसा लागतो आणि नेटफ्लिक्सची सगळ्यांत वरची योजनाही लागते. त्यांची नुसती मोबाइलची योजना घेतलीत तर चित्र ४८० च्या वर जात नाही, मग घरात हजार एमबीपीएस असोत. आणि जुने मराठी चित्रपट? त्यांची मूळ प्रतच धूसर असेल तर वेग काय करणार! विचारायचंच असेल तर वर जाणारा वेग किती ते विचारा, कारण मुलांच्या क्लासला आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलायला तो लागतो, आणि काही योजनांत तो फार थोडा असतो. 'अमर्याद' योजनेलाही मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी. तिची धास्ती घेऊ नका. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने फुल एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात, म्हणजे झाले अकराशे तास, आणि महिन्याचे तास होतात सातशेवीस.

आमच्याकडे आता कीर्तन आणि क्लास एकाच वेळी चालू असतात. पण सासूबाई अजूनही सातच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दाराशी येतात आणि विचारतात, "लावू का गं? तिचा क्लास नाही ना?" मी दर वेळी "लावा, आई" म्हणते, आणि दर वेळी त्यांच्या तोंडाकडे न बघता कणीक मळत राहते.

जूनमध्ये वर्ष संपतंय. त्या कंपनीच्या माणसाचा परवाच फोन येऊन गेला. यंदा तो दोनशे सांगतोय. मी म्हटलं, "भाऊ, चाळीसवालीचे कागद घेऊन या, आणि वर्षाचे नको, महिन्याचे."