दोन तीर, एक प्रयोगशाळा

सीमा म्हटली की काटेरी कुंपण, पहाऱ्याच्या चौक्या आणि कागदपत्रांची तपासणी हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. सीमाभाग म्हणजे विकासाच्या वाटेवरचे शेवटचे गाव, अशीच सर्वसाधारण समजूत असते. डेन्मार्क आणि स्वीडन या देशांनी मात्र आपल्या सीमाप्रदेशालाच वैद्यकीय उद्योग व संशोधनाचे केंद्र बनविण्याचा संकल्प सोडला आणि तो बऱ्याच अंशी सिद्धीस नेला. 'मेडिकॉन व्हॅली' हे त्या प्रदेशाचे नाव. सपाट भूमीच्या या मुलखात खोरे असे कोठेच नाही. सिलिकॉन व्हॅलीची आठवण व्हावी म्हणून हे नाव योजिलेले आहे.

या प्रदेशाच्या मधोमध ओरेसुंदची सामुद्रधुनी आहे. पश्चिम तीरावर डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, तर पूर्व तीरावर स्वीडनच्या स्कोने प्रांतातील माल्मो आणि लुंद ही शहरे वसलेली आहेत. १६५८ पर्यंत स्कोने डेन्मार्ककडे होता; युद्धानंतर तो स्वीडनच्या ताब्यात आला. १६६६ मध्ये लुंद येथे विद्यापीठ स्थापण्यात आले, त्यामागे या नव्या प्रांताला स्वीडनशी एकजीव करण्याचा हेतू होता. पैलतीरावर कोपनहेगनचे विद्यापीठ १४७९ पासून उभे होतेच. एके काळी राजकीय स्पर्धेतून जन्मलेले हे विद्यापीठ पुढे शेजाऱ्याचे सहकारी ठरावे, हा इतिहासाचा सुखद विरोधाभास होय.

जुनी पुण्याई

केवळ नाव दिल्याने केंद्र उभे राहत नाही. येथे पुण्याई जुनी होती. नोबेल पारितोषिक विजेते डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग हे १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे गेले आणि इन्शुलिन तयार करण्याची अनुमती घेऊन परतले. त्यांच्या पत्नी मारी या स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह जडलेला होता. १९२३ मध्ये नॉर्डिस्क आणि १९२५ मध्ये नोव्हो अशा दोन संस्था निघाल्या. १९८९ मध्ये त्यांचे विलीनीकरण होऊन 'नोव्हो नॉर्डिस्क' ही कंपनी अस्तित्वात आली.

लुंदमध्ये डॉ. निल्स अल्वाल यांनी १९४६ मध्ये कृत्रिम मूत्रपिंडाने रुग्णावर उपचार केले. १९५३ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेलमुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने धडधडत्या हृदयाचा वेध घेतला. त्यांचे आरंभीचे प्रयोग माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातील, धातूमधील दोष शोधणाऱ्या उपकरणावर झाले होते. आज घरोघरी परिचित झालेल्या 'इको' तपासणीचा उगम हाच.

पूल आणि त्यापलीकडे

विसाव्या शतकाच्या अखेरीस माल्मोचा जहाज उद्योग मंदावला. तेथील अवाढव्य क्रेन २००२ मध्ये दक्षिण कोरियाला गेली, तेव्हा माल्मोकरांचे डोळे पाणावले. नव्या उद्योगाची निकड अशी तीव्र होती. युरोपीय संघाच्या सीमापार सहकार्य निधीतून १९९७ मध्ये 'मेडिकॉन व्हॅली अकादमी' स्थापन झाली. दोन्ही तीरांवरील विद्यापीठे, रुग्णालये आणि कंपन्या यांना एका व्यासपीठावर आणणे हे तिचे कार्य. १ जुलै २००० रोजी ओरेसुंदचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. सुमारे ८ किलोमीटरचा पूल, एक कृत्रिम बेट आणि सुमारे ४ किलोमीटरचा बोगदा अशी त्याची रचना आहे. संशोधकाला एका देशात राहून दुसऱ्या देशात रोज कामावर जाणे सुकर झाले.

अडचणी अर्थातच संपल्या नाहीत. दोन्ही देशांच्या चलनाचा अर्थ 'मुकुट' असाच. पण डॅनिश क्रोन वेगळा आणि स्वीडिश क्रोना वेगळा. पगार एका चलनात आणि घरकर्जाचा हप्ता दुसऱ्यात, म्हणजे विनिमय दराची जोखीम नित्याची. शिवाय कर व सामाजिक सुरक्षेचे नियमही निरनिराळे. निर्वासितांच्या प्रश्नामुळे जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनकडे जाणाऱ्या प्रवाशांची ओळखपत्र तपासणी सुरू झाली, ती मे २०१७ पर्यंत चालली. मिटल्यासारखी वाटणारी रेषा पुन्हा ठळक झाली.

कसोटीचा क्षण

खरी कसोटी त्याआधीच लागली होती. लुंद येथील आपले संशोधन केंद्र बंद करण्याचा निर्णय ॲस्ट्राझेनेका कंपनीने २०१० मध्ये जाहीर केला. सुमारे ९०० जणांच्या नोकऱ्यांवर गदा आली. एका मोठ्या वृक्षाच्या सावलीत वाढलेले केंद्र तो वृक्ष उन्मळताच कोमेजणार, अशीच भीती होती. त्या वेळी बांधकाम उद्योजक मॅट्स पाउल्सन यांनी १० कोटी क्रोनांची देणगी दिली. विद्यापीठ आणि स्थानिक शासनाच्या सहकार्याने त्याच इमारतींमध्ये २०१२ मध्ये 'मेडिकॉन व्हिलेज' सुरू झाले. लहान-मोठ्या अनेक कंपन्या तेथे आल्या. मालकी प्रतिष्ठानाकडे असल्याने नफा पुन्हा संशोधनाकडेच वळविला जातो.

२०१६ मध्ये लुंद येथे 'मॅक्स फोर' या प्रखर क्ष-किरण केंद्राचे उद्घाटन झाले. त्याच्या शेजारच्या युरोपीय न्यूट्रॉन प्रकल्पाचे यजमानपद दोन्ही देशांकडे आहे. यंत्रणा लुंदमध्ये, तर माहिती-व्यवस्थापन कोपनहेगनमध्ये, अशी कामाची वाटणी झाली.

भांडवल एका निर्णयासरशी दुसरीकडे जाऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान, कुशल माणसे आणि परस्परांवरील विश्वास मात्र इतक्या सहजी हलत नाहीत. ओरेसुंदच्या दोन्ही तीरांनी हीच ठेव जपली, आणि संकटकाळी तीच त्यांच्या कामी आली.