जुळी एकसारखी, पण एक नव्हेत

सोनोग्राफीत दोन बाळांची वार (गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव) वेगवेगळी दिसली, की ‘ही काही एकसारखी जुळी नाहीत’ असं अनेक आईवडील धरून चालतात. हा अंदाज चुकू शकतो.

एकच फलित बीज दुभंगलं तर एकयुग्मजी जुळी होतात. दोन बीजं स्वतंत्रपणे फळली तर द्वियुग्मजी. दुसऱ्या प्रकारची मुलं जनुकांच्या हिशेबाने साधी भावंडंच. एकयुग्मजी जुळ्यांचं बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं, तर दोघांची वार वेगळीच असते. म्हणून वार वेगळी असलेल्या, एकाच लिंगाच्या जुळ्यांबाबत खात्री करायची तर डीएनए चाचणीच करावी लागते.

तरी एकयुग्मजी म्हणजे हुबेहूब नव्हे. भोसरी एमआयडीसीत एकाच ड्रॉइंगवरून दोन मशिनवर जॉब काढले, तर मापं जुळतात, हत्याराच्या खुणा मात्र वेगळ्या उमटतात. गर्भातही तसंच घडतं. बोटांचे ठसे जनुकांबरोबर तिथल्या दाबावर आणि वाढीच्या वेगावरही ठरतात, म्हणून आधारचं यंत्र दोघांना वेगळं ओळखतं. आइसलँडमधल्या 2021च्या अभ्यासात तर अशा जोड्यांच्या डीएनएमध्येही गर्भवाढीच्या सुरुवातीचे सरासरी पाच बदल आढळले.

तेव्हा एक आधी चालला आणि दुसरा मागाहून, यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. मात्र एकाच्या वजनावरून दुसऱ्याच्या औषधाचा डोस ठरवू नका. दोघांची वजनं वेगळी करून घ्या.