चिमटा

सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागाला चिमटा म्हणतात, हे मला यंदाच्या श्रावणापर्यंत ठाऊक नव्हते. वीस-बावीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. चिमटा म्हटले की मला स्वयंपाकघरातला आठवे, फार तर गालाला घेतलेला. ज्या वाचकांना हा शब्द आधीच माहीत असेल, त्यांनी माझ्या एम. ए.ला खुशाल हसून घ्यावे.

आमच्या घरात एक रॅले सायकल आहे. आजोबांनी ती 1951 साली घेतली. विलायती, नॉटिंगहॅमची. पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला, दांड्यांचे ब्रेक, 28 इंची चाके. तिच्यावरून आजोबा कचेरीत गेले, मग अण्णा, म्हणजे माझे वडील, बँकेत गेले, आणि तिच्याच मधल्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो. माझ्या स्कूटरला पडतो तो उरलेल्या फुलांचा.

श्रावणात अण्णा मंडईतून भाजी घेऊन येत असताना पुढचे चाक पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात गेले. गुडघा खरचटला, चष्मा फुटला, यापलीकडे काही झाले नाही. पण चिमटा मागे वाकून चाक मधल्या नळीला टेकले. "पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला देवाने दिलेला हा इशारा आहे. भंगारवाल्याला बोलवा," आई म्हणाली. अण्णा काहीच बोलले नाहीत. रोज संध्याकाळी ते जिन्याखाली जाऊन सायकल पुसत, आणि वर येऊन हात धूत. मला ते पाहवेना.

पेठेतल्या मिस्त्रींकडे मी सायकल उचलूनच नेली. त्यांनी चिमटा सोडवला, पायांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, सरळ करून देईन. पण अण्णांना बसवणार असाल तर नाही देणार. हा आधी एकदा वाकून सरळ झालाय." रंगाखाली, पाय जिथे वरच्या जोडात शिरतात तिथे, मागच्या बाजूला एक बारीक सुरकुती होती. लोखंड एकदा वाकले आणि परत ताणले की तिथे ते थकते. पुढच्या वेळी ते आधी सूचना न देता मोडते. "चेन तुटली तर माणूस पायी घरी येतो. चिमटा तुटला तर तोंडावर पडतो."

"हा आधी कधी वाकला होता?" घरी मी विचारले. अण्णांनी वर्तमानपत्र उलटले.

मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. बुधवारी माझे तास असतात, म्हणून रविवार धरला. तिथे तराजू, ग्रामोफोनचे भोंगे, पान्हे आणि कुणाच्या तरी लग्नातल्या समया एकाच गोणपाटावर सुखाने नांदत असतात. मिस्त्रींनी परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखे मला पढवून पाठवले होते: ताज्या रंगाला भुलू नका, त्याखाली तडा लपतो. दोन्ही पाय डोळ्यासमोर धरून एकामागे एक दिसतात का ते बघा. पान्ह्याने हलके ठोका, बद्द आवाज आला तर परत ठेवा. आणि वरची नळी जुन्या चिमट्याएवढी तरी हवीच. लांब असली तर वायसर घालून भागते, आखूड असली तर काहीच करता येत नाही.

मी सगळे तपासले. साडेचारशे सांगितले होते, ते अडीचशेवर आणले. ही घासाघीस मला जन्मात पहिल्यांदा जमली होती, त्यामुळे घरी येईपर्यंत माझी छाती दोन इंच फुगलेली होती. मिस्त्रींनी नळी सांगाड्यातून वर काढली, रॅलेचा जुना नट चढवला. दोन फेरे फिरला आणि अडला.

"आटे वेगळे आहेत, सर."

नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या चिमट्याच्या नळीला इंचाला 26 आटे ठेवले होते, बाकी बहुतेक सायकलींना 24. पाहताना फरक दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक जशी वाचताना निसटते, तसाच हा प्रकार. मिस्त्रींनी नव्या वाट्यांचा संच घालून पाहिला, तर वाट्या त्या सांगाड्यात सैल बसल्या. "जोर लावून नट नाही का बसणार?" मी विचारले. खरे सांगतो, अडीचशे रुपये डोळ्यासमोर होते. मिस्त्रींनी माझ्याकडे असे पाहिले की कॉपी करताना पकडलेली मुले मला कशी पाहत असतील ते कळले. "बसेल. आटे मरतील. मग कधी सुटेल ते तुम्हालाही कळणार नाही."

त्या रात्री जेवताना अण्णा पहिल्यांदा बोलले. "अरे, नटच खिशात घेऊन जायचा."

पुढच्या रविवारी ते स्कूटरवर मागे बसून आले. जुना नट रुमालात बांधलेला होता. ते दुकानामागून दुकान हिंडले. चिमट्याची पारख वगैरे काही नाही, आधी नट लावून बघायचा. अकराव्या की बाराव्या चिमट्यावर तो बोटाने फिरवताच खालपर्यंत गेला. रंग उडालेला होता, पण पाय सरळ होते, आवाज खणखणीत होता. तीनशे रुपये. अण्णांनी घासाघीस केली नाही.

परतताना सिग्नलला थांबलो असता माझ्या खांद्यामागून आवाज आला, "1968 साली बाजीराव रस्त्यावर टांग्याला धडकलो होतो. एका दुकानात सरळ करून घेतला. तुझ्या आजोबांना सांगितलंच नाही." सिग्नल हिरवा झाला. "नंतर वीस वर्षं ते त्याच्यावरून जात होते," ते म्हणाले. मला मागे वळून पाहण्याचे धाडस झाले नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी चिमटा बसवला. वाटीत ग्रीस भरून छर्रे एकेक चिकटवले. पूर्ण फेरा भरला की एक छर्रा काढून घ्यायचा, म्हणजे उरलेले मोकळे फिरतात. मग कंदिलाची पट्टी, वरचा नट. पुढचे चाक उचलून सायकल जरा कलती केली की हँडल आपल्या वजनाने त्या बाजूला पडले पाहिजे. ब्रेक दाबून पुढेमागे हलवली तर टक असा आवाज येता कामा नये. तीन वेळा नट सैल-घट्ट केल्यावर त्यांचे समाधान झाले.

हार घातल्यावर आईने अट घातली: गल्लीच्या बाहेर जायचे नाही. अण्णांनी मान डोलावली, टांग टाकली आणि निघाले. सायकल पहिल्याच पंधरा पावलांत उजवीकडे गेली, सावरली, परत उजवीकडे गेली. मी धावलो. तोवर ते कोपऱ्यावरून वळून परत येत होते, झेंडूच्या पाकळ्या रस्त्यावर सांडत.

"काय झालं अण्णा? ओढते का?"

"नाही रे," पाय टेकवून ते म्हणाले. "आधी डावीकडे ओढायची. मी सत्तावन्न वर्षं उजवीकडे दाबत होतो. आता ओढतच नाही."

आणि गॅलरीत उभ्या असलेल्या आईकडे न पाहता त्यांनी सायकल पुन्हा कोपऱ्याकडे वळवली.