समुद्रफूल ओळखायचंय? रंगावर जाऊ नका!

कच्छच्या आखातात, जामनगरजवळच्या नराराला, उधाणाच्या ओहोटीत गुडघाभर पाण्यातून प्रवाळांमध्ये चालता येतं. समुद्रफुलं, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, बघायला याहून सुंदर जागा नाही!

पण ओळखताना रंगावर जाऊ नका. एकाच जातीत हिरवी, राखाडी, तपकिरी अशी सगळी सापडतात. बघायची ती शुंडकं आणि बसायची जागा. वाळूवर गालिचा पसरलाय, कडेला झालरीसारख्या चुण्या, शुंडकं आखूड नि बोथट? मग ती बहुधा स्टिकोडॅक्टिला हॅडोनी. जरा धक्का लागला की सबंध गालिचा वाळूत गडप होतो! थोडं थांबा, वाकून बघा; शुंडकांमध्ये काचेसारखी इवली कोळंबी फिरताना दिसेल.

फसवणारे दोघे आहेत. बाहेर लांब आणि तोंडाभोवती आखूड अशी शुंडकांची दोन वेगळी कडी असतील, अंग नळीत असेल, तर तो सेरिअँथस, दूरचा नातलग. बटणांसारखे एकमेकांना चिकटून पसरलेले ते झोअँथिड. हे मुंबईच्या खडकांवरही भरपूर दिसतात.

बोट मात्र लावू नका, शुंडकांत दंशपेशी असतात. फोटो वरून एक घ्या आणि बाजूनं एक. देठावरचे बारीक फोड बाजूनंच दिसतात.