सही करण्यापूर्वी

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या तीरावर बजबज नावाचे गाव आहे. परदेशचा प्रवास आटोपून आगबोटीने परतलेले स्वामी विवेकानंद १९ फेब्रुवारी १८९७ रोजी येथूनच आगगाडीने सियालदहला गेले. त्याच महिन्यात देशात साथीच्या रोगांविषयीचा कायदा अमलात आला होता आणि मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान मांडले होते.

पुढे पुण्यात काय घडले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. रोगी शोधण्यासाठी गोरे सोजीर घरोघरी शिरले. देवघर आणि स्वयंपाकघरही त्यांतून सुटले नाही. रोग आटोक्यात आणणे हा हेतू योग्यच होता. पण ज्यांच्या देहाचा आणि घराचा प्रश्न होता, त्यांना कोणी विचारलेच नाही. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली.

पुढल्याच वर्षी प्लेग कलकत्त्यास पोहोचला. सक्तीने टोचणार, अशी आवई उठताच माणसे शहर सोडून पळू लागली. तेव्हा बजबजला उतरलेल्या त्याच संन्याशाने लोकांच्या भाषेत एक पत्रक काढले. घाबरू नका, स्वच्छता राखा, कोणासही बळजबरीने टोचले जाणार नाही, असा त्याचा आशय होता. शासनानेही सक्तीचा आग्रह सोडला. भयाने जे साधत नव्हते, त्यासाठी विश्वासाची वाट धरावी लागली.

वाचकहो, ही केवळ इतिहासातील गोष्ट नव्हे. १९९५ साली दिल्लीत एका महिलेने फक्त तपासणीसाठी संमती दिली होती. ती गुंगीत असताना, तिच्या आईची परवानगी घेऊन, तिचे गर्भाशय काढून टाकण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आणि सज्ञान, समर्थ रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने दिलेला होकार पुरेसा नाही. प्राण वाचविण्यासाठी तातडीने उपचार करावे लागतात, तेव्हाची गोष्ट वेगळी. २ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने करोनाच्या लसीसंबंधी म्हटले की, कोणासही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते.

आपल्या घरात काय घडते? रुग्णालयात कागद पुढे येतो. मुलगा सही करतो, आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची ते वडील खाटेवरून नुसते पाहत राहतात. ‘त्यांना उगाच कशाला घाबरवायचे?’ असे आपण म्हणतो. त्या बोलण्यात माया असते, हे खरे. पण देह त्यांचा असतो.

म्हणून सहीपूर्वी रुग्णाच्या देखत, त्याला समजेल अशा भाषेत, डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. काय करणार आहात? त्यात धोका कोणता? दुसरा उपाय आहे काय? आणि काहीच केले नाही, तर काय होईल? या प्रश्नांत डॉक्टरांवर अविश्वास नाही. सुज्ञ डॉक्टर त्यांचे स्वागतच करील. कारण समजून होकार देणारा रुग्ण औषध, पथ्य आणि वेदना यांत त्याचा सोबती होतो.

कागदावरची सही क्षणाचे काम आहे. त्यापूर्वीची ती दहा मिनिटे मात्र रुग्णाच्या हक्काची आहेत. ती त्याला मिळवून देणे हे घरच्या माणसांचे कर्तव्य होय.