सरकपाट : विकतचा कीं घरचा ?

यवतमाळ जिल्ह्याचें नांव काढलें कीं प्रथम आठवतो तो कापूस. परंतु पांढरकवडा, पुसद, वणी या बाजूच्या रानांतला साग हेंही या जिल्ह्याचें तितकेंच मोठें धन होय. आणि जेथें साग तेथें सुतार, हें ओघानेंच आलें. या सुताराच्या हातीं आतां विजेवर फिरणारी गोल करवत आली आहे. मेजाच्या फटींतून तिचें दांतेरी चक्र वर डोकावत असतें आणि लांकूड त्यावर सरकवलें कीं क्षणांत दुभंगतें. पुष्कळ ठिकाणीं सुतार जाड फळीखालीं यंत्र उलटें बसवून हें मेज स्वतःच उभें करतो. हौसेखातर घरीं असें मेज थाटणारे गृहस्थही आज आढळतात, आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : सरकपाट विकत घ्यावा, कीं आपला आपण करावा ?

श्रोतेहो, सरकपाट म्हणजे काय तें आधीं सांगतों. फळी आडवी कापतांना नुसत्या हातानें ढकलली आणि ती किंचित तिरपी झाली, तर चक्रांत अडकून ढकलणाऱ्याच्याच अंगावर फेकली जाते. हें टाळण्यासाठीं मेजावर चक्राला समांतर अशा दोन खांचा असतात. त्या खांचांत बरोबर बसणाऱ्या पट्ट्या खालीं लावलेला, पुढें व मागें एकेक उभी आडपट्टी असलेला पाट म्हणजे सरकपाट. लांकूड आपल्याकडच्या आडपट्टीला टेकवावें व पाटच पुढें सारावा. लांकूड वळत नाहीं आणि काप काटकोनांत येतो.

विकतचा सरकपाट देखणा असतो. अॅल्युमिनियमची आडपट्टी, तिच्यावर कोरलेलें माप, एकाच लांबीचे अनेक तुकडे कापण्यासाठीं सरकता अडसर, हें सारें आयतें मिळतें. यंत्र ज्या कारखान्याचें, पाटही त्याचाच आणि त्याच यंत्रासाठीं केलेला असेल, तर तो अवश्य घ्यावा. पण अडचण आहे ती खांचेची. अमेरिकन धाटणीच्या मोठ्या यंत्रांची खांच पाऊण इंच रुंद असते. लहान यंत्रांची पुष्कळदां वेगळीच असते. पट्टी खांचेंत केसभर जरी हलली, तरी वरचें कोरीव माप व्यर्थ होय. आणि आपल्याकडच्या फळीच्या मेजाला तर मुळांत खांचच नसते ! अशा मेजासाठीं बाजारांत पाट शोधणें म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापानें वहाण घेणें. तेथें पाटाच्या खालच्या पट्ट्या मेजाच्या दोन्ही कडांना बाहेरून बिलगतील अशा लावाव्या लागतात, आणि त्या दोन कडा परस्परांशीं व चक्राशीं समांतर आहेत हें आधीं पाहावें लागतें.

म्हणून माझा कौल बहुतेकांपुरता घरच्या पाटाला आहे. पाटासाठीं १२ मिलिमीटर जाडीचें सपाट प्लायवुड घ्यावें. पट्ट्यांसाठीं अर्थातच मुरलेला साग. येथें मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि जुलैंत हवा दमट होते. लांकूड लांबीच्या दिशेनें जवळजवळ बदलत नाहीं, रुंदींत मात्र फुगतें व आक्रसतें. सागांत हा बदल पुष्कळ लांकडांपेक्षां कमी. त्यांतही टोकाकडून पाहतां वर्षवलयें उभीं दिसतील अशी पट्टी कापली, तर तो साधारण निम्म्यावर येतो. पावसाळ्यांत पट्टी घट्ट झालीच तर रंध्याचा एक हलका हात आणि थोडें मेण पुरे होतें.

आतां मुख्य गोष्ट. आपल्याकडची आडपट्टी चक्राशीं काटकोनांत आहे कीं नाहीं, हें गुण्या लावून पाहणें पुरेसें नाहीं. ती एका टोकाला स्क्रूनें पक्की करावी, दुसरें टोक तात्पुरतें आवळावें आणि एक चौरस तुकडा पांच वेळां कापावा. दर वेळीं नुकतीच कापलेली बाजू आडपट्टीला लावून पुढची बाजू कापावयाची. चार बाजू झाल्यावर पांचव्या वेळीं पहिल्याच बाजूची इंचभर रुंद चीप काढून तिचीं दोन्ही टोकें मोजावीं. चूक चार वेळां सांठत गेल्यामुळें ती आतां मापांत सांपडते. समजा, चीप ४०० मिलिमीटर लांब आहे आणि टोकांच्या रुंदींत ०.८ मिलिमीटर फरक आहे. त्याला चारानें भागलें कीं ०.२ उरतात. आडपट्टीचें दुसरें टोक पहिल्या स्क्रूपासून ८०० मिलिमीटरवर असेल, तर तें ०.४ मिलिमीटर सरकवावें. लिहिण्याचा साधा कागद सुमारें ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे चार कागदांचें हें काम ! पुन्हां पांच काप घ्यावेत. फरक वाढला तर आपण उलट बाजूस सरकवलें असें समजावें. विकतच्या पाटाचीही हीच परीक्षा घ्यावी. छापील हमी खोकीं कापण्यापुरती ठीक, कपाटाच्या दारांना ती पुरत नाहीं.

एक गोष्ट मात्र पाट कोठलाही असो, विसरतां कामा नये. पाट पुढें नेला कीं चक्र आपल्याकडच्या आडपट्टींतून बाहेर येतें, आणि आंगठे स्वभावतः तेथेंच टेकलेले असतात. त्या जागीं मागून चांगला जाड लांकडी ठोकळा बसवावा, आणि चक्र त्या ठोकळ्यांतून पार होण्यापूर्वींच पाट थांबेल असा अडथळा मेजाला लावावा. विकतच्या पाटाला ठोकळा नसेल तर पहिला काप घेण्याआधीं तो जोडून घ्यावा. मात्र त्याचे स्क्रू चक्राच्या रेषेंत येऊं देऊं नयेत.